एकूण

दुपारचे सव्वादोन. वीज गेलेली.
प्रवेशाच्या खिडकीतून आत सरकली
एक पारदर्शक पिशवी. तिच्यामागं हरलीनकौर,
तिच्यामागं निळ्या पगडीतले आजोबा,
पाटबंधारे खात्यातून रिटायर,
नांदेडच्या उन्हाला सवयीनं शिव्या घालत.

जन्म वजिराबादचा, शाळा वुल्व्हरहॅम्प्टनची.
ते नाव मी तीनदा लिहिलं, तीनदा खोडलं.
शेवटी तिनंच फॉर्म ओढून घेतला
आणि लिहून टाकलं, आपण मुदखेड लिहावं तसं.

"गुणपत्रक कुठंय?"
"हेच."
"ह्याच्यात एकूण कुठंय?"
"एकूण नसतं, मावशी."
"मग टक्के?"
"तेही नसतात."
रांगेत मागं कुणीतरी हसलं.

इतिहास आठ. इंग्रजी सात. चित्रकला नऊ.
जीवशास्त्र सहा, असं करत करत खाली,
गणित तीन.
तीन म्हणजे तिसरी आलीस का, मी विचारलं.
"नाही. नऊ सगळ्यात वर. चारला पास म्हणायलेत.
तीनला धड काही म्हणत नाहीत,
पुन्हा बसवतात फक्त."

मग तिनं माझी टाचण्यांची डबी उपडी केली
आणि टेबलावर, परिपत्रकांच्या मधोमध,
बाजारात मिरच्यांचे लावतात तसे
नऊ वाटे लावले.
हे सोळाव्या वर्षीचं, जीसीएसई.
प्रत्येक वाटा आपापला.
ह्याचं वजन त्याच्या काट्यावर जात नाही.
इतिहास एका बोर्डाचा, गणित दुसऱ्याच,
शाळा तीच.

मग हातानं सहा वाटे बाजूला सारले.
राहिलेले तीन घेऊन दोन वर्षं खोल उतरायचं,
पार तळापर्यंत. ती ए लेव्हल.
"म्हणजे तुमची बारावी. पण तिथं परत अक्षरं, ए, बी, सी."
"का? आकडे संपले?"
"अक्षरं जुनी. खालच्यांचे आकडे केले, वरच्यांचे राहिले.
वेल्सला तर खालीही अक्षरंच.
अन् स्कॉटलंडचं विचारूच नका, तिथं हायर असतं."
आजोबा म्हणाले, "आं? राणी एक होती ना सगळ्यांची?
आपलं बघा. हिंगोली काय, भोकर काय,
नापास होयाला बोर्ड एकच."

मी टाचण्यांकडं बघत राहिले.

साल एक्क्याण्णव. लोह्याची शाळा.
मराठी एकाहत्तर. गणित, दीडशेत अडतीस.
निकालाच्या कागदावर एकच शब्द आला
आणि सगळ्या विषयांवर पसरला,
तापल्या दुधात लिंबाचा एक थेंब पडावा तसा.
एकाहत्तर कुणी वाचलेच नाहीत.
मीसुद्धा.
ऑक्टोबरात गणित सुटलं.
शब्द सुटला नाही. लग्नाच्या बोलणीतही तो
सुपारीआधी येऊन बसला होता.

परिपत्रक काढलं, बोटानं ओळी लावल्या:
पाच विषयांत चार किंवा वर, तर दहावीच्या समकक्ष.
हिच्याकडं आठ.
बसते, मी म्हटलं. कला शाखेला तर आरामात बसते.
"अन् तीन?" तिनं हळूच विचारलं,
पहिल्यांदाच तिचा आवाज सोळा वर्षांचा झाला.
तीन तिथंच राहील बाई, त्याच्या वाट्यात.
कुठं जात नाही, कुणाला खात नाही.

वीज आली. कॉम्प्युटर जागा झाला आणि
लाल चांदणी दाखवून अडून बसला:
एकूण गुण भरणे अनिवार्य.
आजोबा म्हणाले, करून टाका की बेरीज, काय फरक पडतो.
मी केली नाही.
कागदी फॉर्म घेतला, त्या रकान्यात लिहिलं, लागू नाही,
खाली सही केली आणि साहेबांच्या टेबलावर
स्वतः नेऊन ठेवला.

पाच वाजता टाचण्या डबीत भरायला घेतल्या.
एकेक करून मोजल्या.
एकाहत्तर झाल्यावर थांबले थोडी,
मग उरलेल्या भरल्या.